हुंकार नसलेली गोष्ट



व्याख्यान देणे हे विद्वानांचे काम. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मालधक्क्यावर, हमालांच्या अड्ड्यावर व वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. त्यामुळे चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही आमच्या आवाक्यातला विषय शोधला. ज्याने शाळा अर्धवट सोडली, ज्याने पोटासाठी नोकरी केली आणि त्या नोकरीत जवळजवळ तीस वर्षे खेड्यातल्या माणसांसाठी लिहिण्याबोलण्याचे काम केले, अशा एका माणसाबद्दल आज बोलायचे आहे. त्यांचे नाव व्यंकटेश माडगूळकर. लेखक म्हणून ते आपणां सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या शाळेतल्या धड्यांवर आपल्यापैकी पुष्कळांनी परीक्षेत उत्तरेही लिहिली असतील. परंतु ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागातले नोकरदार होते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. आम्हांला मात्र तीच महत्त्वाची वाटते.

हे गाव रेणुकामातेच्या नावाचे. गोंधळ म्हणजे काय हे इथे सांगावे लागत नाही. दिवटी पेटते, संबळ वाजू लागतो, तुणतुण्याची तार बोलते आणि नाईक कथा लावतो. त्याच्या शेजारी त्याचा साथीदार असतो. तो मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, थट्टा करतो. कथा पुढे सरकते ती त्या दोघांच्या सवालजबाबाने. घरी आजी गोष्ट सांगते तेव्हाही हाच प्रकार. आजीची अट एकच असते, 'हं म्हणत राहा.' पोराचा हुंकार थांबला की आजी समजते, झोपले. मग ती गोष्ट तिथेच थांबवते. हुंकार ही ऐकणाऱ्याची सही आहे. गोष्ट पोचली, पुढे चला, असे तो सांगणाऱ्याला कळवीत असतो.

आता नभोवाणीवर गोष्ट सांगणाऱ्याची अवस्था पाहा. त्याला एका बंद खोलीत बसवतात. भिंतींना आवाज शोषून घेणारे अस्तर, दार जाड, खिडकी दुहेरी काचेची. समोर माणूस नाही, ध्वनिक्षेपक आहे. तांबडा दिवा लागला की बोलायचे आणि घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला की थांबायचे. कोणी हसले की नाही, कोणी डोळे पुसले की नाही, कोणी मध्येच उठून बैलाला वैरण टाकायला गेले की काय, काही कळत नाही. हजारो माणसे ऐकत असतात आणि एकाचाही हुंकार त्या खोलीत पोचत नाही. हुंकाराशिवाय गोष्ट सांगायची, आणि तरी ती पोचवायची, असे हे काम आहे. हे काम कसे साधते, ते ज्याला साधले त्याचे आयुष्य कसे होते आणि त्यात आपल्यासारख्यांनी घेण्याजोगे काय आहे, एवढ्या तीन गोष्टी आज बोलू.

आपल्या देशात नभोवाणीची रीतसर सुरुवात मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी झाली. माडगूळकरांचा जन्मही १९२७ सालचाच. जन्मगाव माडगूळ, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, त्या काळच्या औंध संस्थानात. तो माणदेश. पाऊस नाही, नदीला पाणी नाही, जमीन खडकाळ. मेंढरे राखावी आणि पावसाची वाट पाहावी असा मुलूख. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला ज्यांनी कोरडी वर्षे काढली त्यांना त्या मुलखाची कल्पना चटकन येईल. वडील संस्थानच्या नोकरीत, पगार तुटपुंजा, बदल्या वारंवार आणि घरात मुले पुष्कळ. या मुलांना वाढवताना आईने ज्या हालअपेष्टा सोसल्या त्यांची कहाणी माडगूळकरांनी पुढे 'करुणाष्टक' या पुस्तकात लिहिली. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर. त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही.

१९४२ ची चळवळ आली तेव्हा हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याने शाळा सोडून चळवळीत उडी घेतली आणि काही काळ लपूनछपून काढला. पुढे खेड्यात मास्तरकी केली, चित्रे काढली, वृत्तपत्रांत लिहिले. १९५० च्या सुमारास मुंबईला जाऊन चित्रपटांसाठी लेखनही केले. महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिले नाही. इंग्रजी शिकला तो आपले आपण, कारण स्टाइनबेक, ऑर्वेल, लियम ओफ्लॅहर्टी यांची पुस्तके त्याला मुळातून वाचायची होती. आम्ही ज्या वर्गातून येतो त्या वर्गाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पदवी नसणे म्हणजे ज्ञान नसणे नव्हे, हे सांगायला आपणांस नेहमी दूरचे दाखले शोधावे लागतात. हा दाखला माणदेशातला आहे.

'माणदेशी माणसं' हे पुस्तक १९४९ साली निघाले. लेखकाचे वय तेव्हा बावीस. 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ ची. आणि त्याच १९५५ साली त्यांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात नोकरी धरली. पुणे केंद्र त्या वेळी अगदी नवे होते. ते सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. १ एप्रिल १९५५ पासून त्याच केंद्रावर थोरल्या भावाचे 'गीतरामायण' सुरू झाले. सुधीर फडके यांच्या चाली, आठवड्याला एक गीत, एकूण छप्पन्न गीते. लोक रेडिओला हार घालून ऐकत, असे जुने लोक सांगतात. एकाच घरातल्या दोन भावांचे शब्द एकाच केंद्रावरून निघत होते. थोरल्याच्या शब्दांना सूर होते, वाद्ये होती. धाकट्याच्या वाट्याला आले पेरणी, खते, जनावरांचे रोग, विहिरी आणि गावच्या पंचायती. त्यात कसली कीर्ती? पण हे काम त्यांनी १९८५ पर्यंत केले. लेखक म्हणून नाव झाल्यावरही ते सोडले नाही.

आमच्या मराठवाड्याचा नभोवाणीशी संबंध निराळ्या वाटेने आला. निजामाच्या राजवटीत हैदराबादेला आणि औरंगाबादेला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नभोवाणी केंद्र होते. संस्थान भारतात आल्यानंतर १९५० साली ती केंद्रे आकाशवाणीत सामील झाली. परभणीचे केंद्र १९६८ चे. पण लांबलांबची केंद्रे आपल्याकडे रात्री ऐकू येत, कारण मध्यम लहरींचा आवाज रात्री वरच्या हवेवर आपटून दूरवर पोचतो. दिवसा न लागणारे स्टेशन जेवणे उरकल्यावर लागायचे. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि सबंध आळीत रेडिओ एखादाच असे. त्यामुळे ऐकणे हे एकट्याचे नव्हते, ओट्यावरचे होते. आजच्या तरुणांनी एवढे ध्यानात घ्यावे, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

आता कसबाकडे वळू. नभोवाणीवर बोलणे आणि पुस्तकात लिहिणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. वाचणाऱ्याला एखादे वाक्य समजले नाही तर तो पान उलटून मागे जातो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. सुटलेला शब्द सुटला. त्यामुळे ऐकण्यासाठी लिहिताना वाक्य एका दमात संपले पाहिजे आणि एका वाक्यात एकच गोष्ट आली पाहिजे. माणसाचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. 'तो', 'त्याने', 'त्याला' असे म्हणत गेले की कोणता तो, हा गोंधळ होतो. पंधरा मिनिटांचे बोलणे म्हणजे साधारण दीड हजार शब्द. तेवढ्यात माणूस उभा करायचा, त्याच्यावरचा प्रसंग सांगायचा आणि घड्याळ पाहून खाली उतरायचे.

एक आमच्या पदरचे उदाहरण देतो. समजा, कोणी लिहिले : 'दारिद्र्याने गांजलेल्या आणि तान्ह्या मुलाच्या संगोपनाच्या जबाबदारीने वाकलेल्या एका स्त्रीला मिरची तोडणीच्या कामावर पोचण्यास इतर स्त्रियांपेक्षा विलंब झाला.' वाक्य चुकीचे नाही. पण ओट्यावर बसलेल्या माणसाला त्यातून काही दिसत नाही. आता हेच असे सांगून पाहा : 'मिरची तोडायला सात जणी निघाल्या. सहा पुढे गेल्या. सातवी मागे राहिली. तिच्या कडेवर पोर होते.' यात दारिद्र्य हा शब्द नाही, जबाबदारी हा शब्द नाही. पण बाई दिसली, वाट दिसली आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप 'हं' निघाले. सांगणाऱ्याला तो हुंकार ऐकू येत नाही. परंतु तो कुठे निघणार हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. वाक्याच्या शेवटी तो तेवढी जागा सोडतो. नभोवाणीवरच्या कसबाचे मर्म आमच्या मते एवढेच आहे. ऐकणाऱ्याचा हुंकार मनातल्या मनात ऐकायचा आणि त्याला जागा द्यायची.

बारीकसारीक गोष्टीही असतात. ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. कागदाची सळसळ ऐकू जाते, म्हणून कागद टाचायचे नसतात. वाचून झालेला कागद उचलायचा नाही, हलकेच बाजूला सरकवायचा. श्वास ऐकू जातो, थुंकी गिळलेली ऐकू जाते. आणि मुख्य म्हणजे खोटे ऐकू जाते. सभेत वक्ता हातवारे करून, आवाज चढवून वेळ मारून नेतो. आम्ही चळवळीतली माणसे त्यात पटाईत. द्वारसभेत टाळ्या कुठे पडतात ते आम्हांला बरोबर कळते. पण बंद खोलीत हातवारे उपयोगाचे नाहीत. तिथे लाखांशी बोलत असल्याचा आव आणला की लाखातला प्रत्येक जण म्हणतो, हा माझ्याशी बोलत नाही. तिथे एकाशीच बोलावे लागते. मग प्रत्येकाला वाटते, तो एक म्हणजे मीच.

हे कसब माडगूळकरांच्या अंगी कोठून आले? आमचे उत्तर असे, की ते आधी ऐकायला शिकले. 'माणदेशी माणसं' या पुस्तकात कोण माणसे आहेत पाहा. धर्मा रामोशी आहे, झेल्या नावाचा शाळकरी पोर आहे, शिदा चांभार आहे, मुलाण्याचा बकस आहे, रामा मैलकुली आहे. मैलकुली म्हणजे सडकेच्या मैलामैलावर खडी-माती टाकणारा मजूर. सरकारी कागदात तो एक आकडा असतो. हजेरीपटावर त्याचे नाव आणि अंगठा असतो. मराठी पुस्तकात असल्या माणसाला स्वतःचे नाव, स्वतःचे बोलणे आणि स्वतःची अब्रू मिळाली, ही आमच्या लेखी फार मोठी घटना होती. ही माणसे ज्याच्यापाशी मन मोकळे करीत, तो त्यांच्यापाशी बसत असला पाहिजे. घाईत असलेल्या माणसाशी गरीब माणूस बोलत नाही. तो 'बरं आहे' म्हणतो आणि पुढे जातो.

धर्मा रामोशाची कथा पुष्कळांनी वाचली असेल. म्हातारा, गरीब, अंगावर चिंध्या. त्याला एक जुने धोतर मिळते. तरीही तो पुढे चिंध्यांतच दिसतो. असे का, हे शेवटी कळते. ते धोतर त्याच्या लेकीच्या अंगावर असते, कारण तिला नेसायला लुगडे नाही. लेखक तिथे थांबतो. समाजव्यवस्थेला शिव्या नाहीत, कळवळ्याचे शब्द नाहीत, आवाहन नाही. 'बनगरवाडी'त एका माणसाजवळ दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको जोखडाला आपला खांदा लावते. तिथेही हेच. जे घडले ते सांगितले आणि बाजूला झाले. आमच्यासारख्या मोर्चे काढणाऱ्याला वाटेल, की इथे दोन खणखणीत वाक्ये घालायला हवी होती. पण विचार केला म्हणजे कळते, की ती दोन वाक्ये ऐकणाऱ्याच्या वाट्याची आहेत. ती लेखकाने बोलून टाकली तर ऐकणाऱ्याने करायचे काय? राग ऐकणाऱ्याच्या पोटात उठला पाहिजे. दुसऱ्याने उसना दिलेला राग घरी जाईपर्यंत विझतो.

बोलीचेही असेच आहे. आपल्याकडचा माणूस 'काय करायलास' म्हणतो. शहरात गेला की लाजतो, 'काय करत आहेस' म्हणू लागतो, आणि मग बोलायचेच टाळतो. कचेरीत, न्यायालयात, बँकेत आमचे पुष्कळ कामगार गप्प राहतात ते भित्रे म्हणून नव्हे. आपली भाषा इथे चालत नाही असे त्यांना वाटते म्हणून. माडगूळकरांच्या लेखनात माणदेशी माणूस माणदेशी बोलतो आणि त्याबद्दल लेखक कोणाची क्षमा मागत नाही. शंकर पाटीलही काही काळ याच पुणे आकाशवाणीत होते. १९६० नंतरच्या दशकात माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगावी कथाकथन केले. लेखक व्यासपीठावर येऊन गोष्ट सांगतो आणि हजार माणसे ऐकतात, ही चाल त्यांनी रुजवली. बंद खोलीत जो हुंकार मनातच ऐकावा लागे, तो मैदानात कानांनी ऐकायला मिळाला.

पण हुंकार खोलीपर्यंत आणण्याचा एक मोठा प्रयत्न नभोवाणीनेही केला होता. त्याची हकीकत या व्याख्यानाचा कणा आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत, त्या धर्तीवर हा प्रयोग होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे निवडले. सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे काढली. मंडळात वीसेक माणसे. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस कार्यक्रम. माणसांनी एकत्र बसून ऐकायचे, रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर चर्चा करायची. जे पटले नाही, समजले नाही, ते लिहून केंद्राला कळवायचे. केंद्राने त्याचे उत्तर पुढच्या कार्यक्रमात द्यायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. माडगूळकर ज्या ग्रामीण विभागात नुकते रुजू झाले होते, त्या विभागाच्या दारातले हे काम.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने तिचा अहवाल लिहिला. तुलना तीन तऱ्हेच्या गावांची होती : मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे. आढळले काय? मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली, आणि त्यात निरक्षर माणसेही मागे राहिली नाहीत. पण जिथे नुसता रेडिओ होता, तिथे फारसा फरक पडला नाही. बंधूंनो, यावर थोडे थांबून विचार करा. यंत्र तेच, आवाज तोच, शब्द तेच. फरक एवढाच होता की एका ठिकाणी ऐकल्यावर माणसे आपसांत बोलली आणि दुसऱ्या ठिकाणी उठून गेली. बोलणाऱ्याचे कसब कितीही मोठे असो, हुंकार द्यायला माणसे जमली नाहीत तर ते वाया जाते. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर निघाली. हळूहळू त्यांचा जोर ओसरला. पण पाच जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी जे सिद्ध केले ते अजून खोटे ठरलेले नाही.

आता माणसाच्या आयुष्याबद्दल थोडे अधिक. आकाशवाणीतली नोकरी म्हणजे टाइमटेबल. अमुक वाजता अमुक कार्यक्रम, त्याआधी संहिता तयार, त्याआधी माणसे बोलावलेली. आज केलेले काम आज संध्याकाळी हवेत जाते आणि उद्या सकाळी पुन्हा पाटी कोरी. त्या काळी पुष्कळसे बोलणे थेट जाई. जे फितीवर घेत, त्यातली पुष्कळ फीत पुसून पुन्हा वापरीत. आणखी एक गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. आकाशवाणीत कलावंत मंडळींना 'स्टाफ आर्टिस्ट' म्हणून करारावर घेण्याची पद्धत होती. कराराची मुदत, तिचे नूतनीकरण आणि सरकारी नोकरांना मिळणारी शाश्वती मात्र नाही, असा तो प्रकार. या मंडळींनी त्याविरुद्ध मागणी लावून धरली आणि १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांना सरकारी सेवक म्हणून सामावून घेण्याचा निर्णय झाला. आवाज घरोघरी पोचला तरी पोटाचा प्रश्न आवाजाने सुटत नाही. त्यासाठी संघटनाच लागते.

अशा कामात माणूस सुकून जातो. माडगूळकर सुकले नाहीत, कारण कचेरी सुटली की ते रानात जात. आरंभी बंदूक घेऊन शिकारीसाठी हिंडले. पुढे शिकारीपेक्षा पाहण्यात रमले. हातात वही, पेन्सिल, डोळ्यांना दुर्बीण. भंडारा भागातल्या नागझिऱ्याच्या जंगलात ते मुक्काम करून राहिले आणि त्यावर पुस्तक लिहिले. 'सत्तांतर' ही त्यांची छोटी कादंबरी वानरांच्या टोळीतल्या झगड्याची आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईला, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या भूमीवर, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ऑगस्ट २००१ मध्ये ते गेले. वानरांची टोळी दिवसदिवस गप्प बसून पाहणारा माणूस आणि म्हाताऱ्या रामोशापाशी बसून ऐकणारा माणूस एकच आहे, असे आम्हांला वाटते. दोन्हीला एकच गुण लागतो. आपण मध्ये न येणे.

असो. आता आम्ही आमच्या धंद्याची गोष्ट काढतो. हमालाचे काम पाहा. ट्रकमधून पोते उतरते, पाठीवर येते, थप्पीला लागते. संध्याकाळी माल विकला जातो, थप्पी मोडते आणि हमालाने दिवसभर काय केले याची खूण राहत नाही. राहते ती त्याच्या मणक्यात. नभोवाणीवर बोलणाऱ्याच्या कामाचीही खूण राहत नाही. ती राहिली तर ऐकणाऱ्याच्या मनात. जगातले पुष्कळ मोलाचे काम असेच असते. स्वयंपाक हे असे काम आहे, झाडलोट हे असे काम आहे, दुखणेकऱ्याची शुश्रूषा हे असे काम आहे. हे काम दिसत नाही म्हणून त्याला मोल देत नाहीत. मोल मिळवायचे तर ते कोणीतरी सांगावे लागते.

शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणा, ही हमालांची जुनी मागणी. तिच्यासाठी एका बैठकीला आम्ही गेलो होतो. आम्ही कलमवार मागणीपत्र वाचले. समोरचे साहेब कागदावर खुणा करीत होते. मग आमच्यातला एक वयस्क साथी उठला. तो म्हणाला, 'साहेब, पोतं उचलताना दोघं लागतात, पाठीवर द्यायला. उतरवताना एकटाच असतो. मी घरी जातो तेव्हा नातू पाठीवर बस म्हणून रडतो. त्याचं वजन बारा किलो आहे. मी नाही म्हणतो.' एवढे बोलून तो बसला. साहेबांनी पेन खाली ठेवले. मागणी त्या दिवशी मान्य झाली नाही. परंतु त्या खोलीत पहिल्यांदा कोणीतरी ऐकले. त्या साथीने नभोवाणीवरचे कसब कोठे शिकले नव्हते. लहान वाक्य, एक माणूस, एक वजन, आणि शेवटी ऐकणाऱ्यासाठी सोडलेली जागा, हे सगळे त्यात होते.

आता तुमच्या गावाकडे येतो. पिंपळगाव रेणुकाईची हिरवी मिरची ट्रकांनी परराज्यांत जाते. बाजारात भाव काय फुटला, हे घटकाभरात सगळ्यांच्या फोनवर येते. पण ती मिरची तोडणाऱ्या बाईचे हात संध्याकाळी कसे भगभगतात, ती घरी आल्यावर हात चोळूनचोळून धुतल्याखेरीज तान्ह्याला जवळ का घेत नाही, पोर दारात हात पसरून रडत असताना ती तिकडे पाठ का करते, हे कोणाच्या फोनवर येत नाही. भाव ही बातमी आहे. त्या बाईची हकीकत ही गोष्ट आहे. ती सांगणारा या गावातलाच पाहिजे. पुण्यामुंबईहून कोणी येऊन ती सांगेल, याची वाट पाहू नये.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात आकाशवाणी आहे. कोणीही बोलावे, जगाने ऐकावे. खरे आहे. ज्या यंत्रासाठी एके काळी सरकारी इमारत लागे, ते आज मजुराच्या हातात आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. अडचण निराळी आहे. बोलणारे वाढले, हुंकार देणारे राहिले नाहीत. पूर्वी एका रेडिओभोवती वीस माणसे बसत. आता एका घरात पाच माणसे पाच दिशांना तोंड करून बसतात. १९५६ च्या प्रयोगातली ती दुसऱ्या तऱ्हेची गावे आठवा, जिथे यंत्र होते पण मंडळ नव्हते. आज आपण सगळेच त्या गावांत राहतो.

म्हणून आमची एक सूचना आहे. ती खर्चाची नाही, फक्त वेळ मागते. ही व्याख्यानमाला संपली की गावात एक श्रोतृमंडळ काढा. वीस माणसे पुरेत. त्यांत मिरची तोडणाऱ्या बाया असू द्या, हमाल असू द्या, मेंढरे राखणारे, ऊसतोडीला जाऊन आलेले, शाळेतली चारदोन पोरेही असू द्या. आठवड्यातून एका संध्याकाळी बसा. एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या कामाची गोष्ट सांगावी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून आपल्यात आहेत. ती आणखी किती वर्षे असतील हे सांगायला ज्योतिषी नको. बाकीच्यांनी फोन बाजूला ठेवावे, एकानेच आपला फोन आवाज टिपण्यासाठी मध्ये ठेवावा. मध्ये कोणी बोलू नये. हुंकार मात्र जरूर द्यावा. मग गोष्ट संपल्यावर चर्चा करा, आणि त्यातून काही करण्याजोगे निघाले तर ते करा.

पहिल्या दिवशी म्हातारी म्हणेल, 'मला काय येतंय सांगायला.' दुसऱ्या दिवशी ती दोन वाक्ये बोलेल. घाई करू नका. तिचे बोलणे सुधारायला जाऊ नका. 'करायलो' म्हणाली तर तसेच राहू द्या. ज्यांनी तीस वर्षे न दिसणाऱ्या शेतकऱ्यासाठी काम केले त्या माणसाची आठवण पुतळ्याने होणार नाही. गरीब माणसापाशी बसून त्याचे बोलणे कोणीतरी शेवटपर्यंत ऐकले, तर ती होईल.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकले, मधूनमधून माना डोलावल्या. आम्हांला आपली तोंडे दिसत होती, हे आमचे भाग्य.